कवकसंसर्गाविरुद्धच्या प्रतिकारात दाहजनक मेद-रेणूंची भूमिका : एक विवेचन

सारांश

कवकसंसर्गाचा प्रतिकार शरीर कसे करते, याची चर्चा होते तेव्हा पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडे आणि सायटोकाइन ही प्रथिने यांचा उल्लेख हमखास होतो. पेशीपटलातील मेदापासून घडणाऱ्या ल्युकोट्राइन व प्रोस्टाग्लँडिन या रेणूंकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले जाते. हे रेणू कवकाविरुद्धच्या प्रतिकाराला गती देतात आणि प्रसंगी आवरही घालतात. काही रोगकारक कवके असेच रेणू स्वतः तयार करतात. प्रस्तुत लेखात या रेणूंची निर्मिती, त्यांचे परस्परविरोधी कार्य, कवकांकडून होणारा त्यांचा वापर आणि दाहशामक औषधांशी असलेला त्यांचा संबंध यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कवकसंसर्ग, दाह, ॲराकिडोनिक आम्ल, ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन, स्टेरॉइड.

प्रस्तावना

शिळ्या भाकरीवरील बुरशी, पाव फुगविणारे यीस्ट आणि पावसाळ्यात उगवणारी अळंबी ही सर्व कवकसृष्टीचीच रूपे होत. कवकांचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात व प्रत्येक श्वासाबरोबर ते फुप्फुसात जातात. तरीही बहुसंख्य माणसे त्यामुळे आजारी पडत नाहीत. याचे कारण असे की, निरोगी शरीर हे बीजाणू फारसा गाजावाजा न होऊ देता नष्ट करते. म्हणूनच गंभीर कवकसंसर्गात रोगकारक किती प्रबळ आहे या प्रश्नाइतकाच यजमान शरीराची प्रतिकारव्यवस्था कोणत्या अवस्थेत आहे हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राधान्याने लक्ष द्यावयाच्या १९ रोगकारक कवकांची यादी प्रथमच प्रसिद्ध केली. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कँडिडा ऑरिस, ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि कँडिडा अल्बिकन्स ही चार कवके त्या यादीत सर्वोच्च गटात आहेत. त्याआधी, २०२१ साली, कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. 'काळी बुरशी' हा शब्द त्या वेळी घराघरांत पोहोचला. त्या रुग्णांपैकी अनेकांना अनियंत्रित मधुमेह होता आणि अनेकांना स्टेरॉइड औषधे दिली गेली होती. दाह आटोक्यात आणणारे औषध कवकाला वाट मोकळी करून देऊ शकते, ही गोष्ट तेव्हा सर्वसामान्यांनाही जाणवली. असे का घडते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग मेद-रेणूंच्या अभ्यासात सापडतो.

उद्दिष्टे

१) दाहजनक मेद-रेणूंची निर्मिती कशी होते ते स्पष्ट करणे.
२) कवकसंसर्गात ल्युकोट्राइन व प्रोस्टाग्लँडिन यांच्या कार्यातील भेद दाखविणे.
३) कवके या व्यवस्थेत कसा हस्तक्षेप करतात ते मांडणे.
४) दाहशामक औषधांच्या वापरासंबंधी त्यातून निघणारा बोध नोंदविणे.

मेद-रेणूंची निर्मिती

प्रत्येक पेशीभोवती मेदाचे दुहेरी पटल असते. या पटलाकडे केवळ कुंपण म्हणून पाहणे अपुरे ठरते. ते कच्च्या मालाचे कोठारही आहे. पटलातील फॉस्फोलिपिड रेणूंमध्ये ॲराकिडोनिक आम्ल हे वीस कार्बन अणूंचे मेदाम्ल बद्ध अवस्थेत असते. पेशीला धोक्याची सूचना मिळाली की फॉस्फोलायपेज ए२ हे विकर ते मोकळे करते. या मोकळ्या झालेल्या आम्लापुढे दोन प्रमुख मार्ग असतात. सायक्लोऑक्सिजिनेज या विकराच्या मार्गाने प्रोस्टाग्लँडिन व थ्रॉम्बॉक्सेन तयार होतात, तर ५-लिपॉक्सिजिनेजच्या मार्गाने ल्युकोट्राइन तयार होतात. ग्रीक भाषेतील 'वीस' या अर्थाच्या शब्दावरून या सर्व रेणूंना एकत्रितपणे आयकोसॅनॉइड असे म्हटले जाते.

स्वीडिश शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३५ साली 'प्रोस्टाग्लँडिन' हे नाव दिले. हे द्रव्य प्रोस्टेट ग्रंथीतून येते असा त्यांचा समज होता. पुढे ते शरीरातील जवळजवळ सर्वच ऊतींमध्ये तयार होत असल्याचे दिसून आले. नाव मात्र तेच राहिले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते हे दाखवून दिले. बेंग्ट सॅम्युएलसन यांनी १९७९ साली 'ल्युकोट्राइन' ही संज्ञा रूढ केली. सुने बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना १९८२ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

या रेणूंचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेणे आवश्यक आहे. संप्रेरके रक्तावाटे दूरवर जाऊन कार्य करतात. आयकोसॅनॉइड मात्र बहुधा जेथे निर्माण होतात तेथेच, शेजारच्या पेशींवर कार्य करतात आणि लवकरच निष्क्रिय होतात. शिवाय त्यांचा साठा करून ठेवला जात नाही. गरज निर्माण होताच ते घडविले जातात. त्यामुळे कोणता रेणू, कोठे आणि केव्हा तयार झाला यावर परिणाम अवलंबून असतो.

कवकाची ओळख आणि पहिला संकेत

कवकाच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकन हे बहुशर्करा द्रव्य असते. मानवी पेशींमध्ये ते नसते. साहजिकच त्याचे अस्तित्व ही परक्याची खूण ठरते. महाभक्षी पेशी, म्हणजेच मॅक्रोफेज, यांच्या पृष्ठभागावर ही खूण ओळखणारा डेक्टिन-१ नावाचा ग्राही असतो. गॉर्डन ब्राऊन व सायमन गॉर्डन यांनी २००१ साली त्याचे हे कार्य दाखवून दिले. डेक्टिन-१ ला बीटा-ग्लुकन बिलगले की पेशीच्या आत संकेतांची साखळी सुरू होते, फॉस्फोलायपेज ए२ सक्रिय होते आणि ॲराकिडोनिक आम्ल मोकळे होते. सायटोकाइन तयार होण्यासाठी जनुके कार्यान्वित होऊन नवी प्रथिने घडावी लागतात. मेद-रेणूंचा कच्चा माल मात्र पटलातच हजर असल्याने त्यांची पहिली लाट काही मिनिटांतच उसळते. प्रतिकाराच्या पहिल्या हालचालीत मेद-रेणूंना स्थान आहे ते या कारणाने.

ल्युकोट्राइन : प्रतिकाराची हाक

ल्युकोट्राइन बी४ हा रेणू न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना संसर्गस्थानी बोलावतो. पहिल्या काही न्यूट्रोफिल पेशी तेथे पोहोचल्या की त्या स्वतःच हा रेणू सोडू लागतात. त्यामुळे मागच्या पेशींना मिळणारी हाक अधिक तीव्र होते आणि थोड्याच वेळात मोहोळ उठावे तशा पेशी एका जागी गोळा होतात. उंदरांच्या ऊतींमध्ये २०१३ साली झालेल्या निरीक्षणांतून या झुंडीसाठी ल्युकोट्राइन बी४ आवश्यक असल्याचे स्पष्ट झाले. कवकसंसर्गात या घटनेला विशेष महत्त्व आहे. जिवाणूच्या तुलनेत कवकतंतू कितीतरी लांब असतो. एकटी न्यूट्रोफिल पेशी तो गिळू शकत नाही; अनेक पेशींनी मिळूनच त्याला वेढावे लागते. मानवी न्यूट्रोफिल पेशींवरील २०२० सालच्या प्रयोगांत अशा झुंडींमुळे कँडिडासारख्या कवकांच्या पुंजक्यांची वाढ लांबणीवर पडते, असे दिसून आले.

ल्युकोट्राइनचे काम केवळ बोलावण्यापुरते मर्यादित नाही. ल्युकोट्राइन बी४ महाभक्षी पेशींची भक्षणक्षमता वाढवितो आणि गिळलेल्या जंतूला मारणाऱ्या ऑक्सिजनयुक्त रेणूंच्या निर्मितीलाही चालना देतो. याचा प्रत्यय हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम या फुप्फुसाला बाधणाऱ्या कवकावरील प्रयोगांतून येतो. ब्राझीलमधील संशोधकांनी केलेल्या या प्रयोगांत, ल्युकोट्राइनची निर्मिती औषधाने रोखलेल्या उंदरांच्या फुप्फुसात कवकांची संख्या वाढली आणि मृत्यूचे प्रमाणही वाढले. ५-लिपॉक्सिजिनेज जनुक नसलेल्या उंदरांतही संसर्ग आटोक्यात राहिला नाही. ॲस्परजिलस फ्युमिगेटसच्या बाबतीत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच आहे. ल्युकोट्राइन बी४ ची हाक नसेल तर पेशी वेळेवर पोहोचत नाहीत आणि बीजाणूंना रुजण्यास अवधी मिळतो.

प्रोस्टाग्लँडिन ई२ : लगाम आणि त्याची दुसरी बाजू

ताप, वेदना व सूज यांच्याशी प्रोस्टाग्लँडिनचे नाव जोडलेले असल्याने ते केवळ दाह वाढवितात असा समज होणे स्वाभाविक आहे. रोगप्रतिकाराच्या दृष्टीने पाहता चित्र वेगळे दिसते. प्रोस्टाग्लँडिन ई२ हा रेणू महाभक्षी पेशींवरील ईपी२ व ईपी४ या ग्राहींना बिलगतो आणि पेशीतील चक्रीय एएमपी या संदेशवाहकाची पातळी वाढवितो. पातळी वाढली की पेशीची भक्षणक्षमता आणि मारकक्षमता दोन्ही मंदावतात. ल्युकोट्राइन बी४ चा परिणाम नेमका याच्या उलट असतो. एकाच मेदाम्लापासून घडलेले दोन रेणू एकाच पेशीला परस्परविरुद्ध आदेश देतात, ही बाब या विषयाचे मर्म होय. हिस्टोप्लाझ्माची बाधा झालेल्या उंदरांना सेलेकॉक्सिब हे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखणारे औषध दिल्यास त्यांचा प्रतिकार सुधारतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. लगाम सैल केल्यावर प्रतिकार वेग घेतो, असा याचा अर्थ लावता येतो.

तथापि प्रोस्टाग्लँडिन ई२ ला सरसकट प्रतिकाराचा शत्रू ठरविणे योग्य होणार नाही. श्लेष्मल त्वचेवरील कँडिडाला रोखण्यात टीएच१७ या साहाय्यक पेशींचा मोठा वाटा असतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० साली मानवी पेशींवर केलेल्या प्रयोगांत, कँडिडाविरुद्धचा टीएच१७ प्रतिसाद प्रोस्टाग्लँडिन ई२ वर अवलंबून असल्याचे दिसले. जो रेणू महाभक्षी पेशीला आवरतो, तोच दुसऱ्या टप्प्यावर साहाय्यक पेशींना तयार करतो. शिवाय हा लगाम निरर्थक नाही. आवर नसलेला दाह फुप्फुसासारख्या नाजूक अवयवाचे स्वतःच नुकसान करतो. संसर्ग आटोक्यात आल्यावर लिपॉक्सिन व रिझॉल्व्हिन हे दाह शमविणारे मेद-रेणू पुढे येतात आणि ऊती पूर्वपदावर येऊ लागतात.

कवकांचा हस्तक्षेप

या विषयातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग येथून सुरू होतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली असे दाखविले की, क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स आणि कँडिडा अल्बिकन्स ही कवके स्वतःच प्रोस्टाग्लँडिनसदृश रेणू तयार करतात. पुढे मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या साहाय्याने कँडिडा खरोखरच प्रोस्टाग्लँडिन ई२ बनवितो याची खात्री पटली. यातील आश्चर्याची बाब अशी की, कवकात सायक्लोऑक्सिजिनेजचे जनुकच नाही. मग हा रेणू कसा घडतो? कँडिडामध्ये ओएलई२ व एफईटी३ या वेगळ्याच कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या विकरांचा त्यात सहभाग आढळला. क्रिप्टोकॉकसमध्ये लॅकेज हे विकर ती भूमिका बजावते. हेच लॅकेज त्या कवकाला मेलॅनिन हे संरक्षक रंगद्रव्यही पुरविते. म्हणजेच मार्ग निराळे असूनही यजमान व कवक एकाच रेणूपर्यंत पोहोचले आहेत.

या रेणूचा कवकाला दुहेरी लाभ होतो. एक तर तो यजमानाच्या महाभक्षी पेशींना मंद करतो. दुसरे असे की, प्रोस्टाग्लँडिन ई२ च्या सान्निध्यात कँडिडाच्या गोल यीस्टपेशींना अंकुरनलिका फुटण्यास चालना मिळते. हे तंतुरूप ऊतींत शिरण्यासाठी कँडिडाला उपयोगी पडते. झेब्रा माशांवरील २०१९ सालच्या प्रयोगांतून क्रिप्टोकॉकसबाबत अधिक तपशील हाती आला. या कवकाने बनविलेल्या प्रोस्टाग्लँडिन ई२ पासून पुढे तयार होणारा १५-कीटो-प्रोस्टाग्लँडिन ई२ हा रेणू महाभक्षी पेशींतील पीपीएआर-गामा या ग्राहीला सक्रिय करतो आणि त्यामुळे कवकाची वाढ सुकर होते. कँडिडा हे कवक दाह शमविणारा रिझॉल्व्हिन ई१ हा रेणूदेखील तयार करू शकते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे. थोडक्यात, शरीराला 'धोका टळला' असे सांगणारा संदेश धोका निर्माण करणाराच पाठवितो.

आतड्यातील कँडिडाचा परिणाम दूरच्या अवयवावरही होऊ शकतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रतिजैविके दिलेल्या उंदरांच्या आतड्यात कँडिडाची वाढ झाली, रक्तातील प्रोस्टाग्लँडिन ई२ वाढले आणि फुप्फुसातील महाभक्षी पेशींचे स्वरूप पालटून श्वसनमार्गातील ॲलर्जिक दाह बळावला. कवकविरोधी औषध किंवा ॲस्पिरिन दिल्यावर हा परिणाम कमी झाला. आयकोसॅनॉइड स्थानिक पातळीवर काम करतात या सामान्य नियमाला येथे मर्यादा पडते. निर्मिती सतत व मोठ्या प्रमाणावर होत राहिली तर स्थानिक संदेशही सर्व शरीराचा संदेश बनू शकतो.

दाहशामक औषधे : एक सावध विचार

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके सायक्लोऑक्सिजिनेजचा मार्ग अडवितात. ॲस्पिरिनमुळे कँडिडाच्या जैवपटलाची वाढ प्रयोगशाळेत लक्षणीय प्रमाणात रोखली जाते, असे २००४ साली आढळले आहे. परंतु प्रयोगशाळेतील तबकडी आणि रुग्णाचे शरीर यांत मोठे अंतर आहे; वेदनाशामके कवकसंसर्गावरील उपचार म्हणून मान्य झालेली नाहीत. ल्युकोट्राइनबाबतही असाच विवेक हवा. दम्यासाठी दिले जाणारे माँटेलुकास्ट हे औषध ल्युकोट्राइनच्या सिस्टाइनयुक्त गटाचा ग्राही अडविते; ल्युकोट्राइन बी४ चा ग्राही त्याहून वेगळा आहे. म्हणून वर दिलेले उंदरांवरील निष्कर्ष त्या औषधाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

स्टेरॉइड औषधांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ही औषधे ॲनेक्सिन ए१ या प्रथिनाद्वारे फॉस्फोलायपेज ए२ च्या कार्याला आळा घालतात आणि सायक्लोऑक्सिजिनेज-२ ची निर्मितीही घटवितात. वेदनाशामके एक वाट बंद करतात. स्टेरॉइडे मूळ दरवाजालाच हात घालतात. त्यांचे परिणाम केवळ मेद-रेणूंपुरते सीमित नाहीत. सायटोकाइन, महाभक्षी पेशींची मारकक्षमता आणि रक्तातील साखर यांवरही ते होतात. त्यामुळे २०२१ मधील म्युकरमायकोसिसचे स्पष्टीकरण एकट्या आयकोसॅनॉइडच्या आधारे देणे अशास्त्रीय ठरेल. मात्र अनेक कारणांच्या त्या गुंत्यातील हा एक धागा आहे, असे म्हणता येते.

याचा अर्थ स्टेरॉइड सर्वत्र घातक असाही नाही. न्यूमोसिस्टिस जिरोव्हेसी या कवकामुळे एड्सच्या रुग्णांना होणाऱ्या मध्यम ते तीव्र न्यूमोनियात कवकविरोधी उपचारासोबत स्टेरॉइड दिल्यास जीव वाचतात. कारण तेथे दाहाने होणारी फुप्फुसाची हानी हाच मोठा धोका असतो. याउलट, एचआयव्हीबाधितांमधील क्रिप्टोकॉकसजन्य मेंदूआवरणदाहात डेक्सामेथासोन देऊन पाहणारी चाचणी आशिया व आफ्रिकेतील सहा देशांत झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. या औषधाने मृत्यू घटले नाहीत, मेंदूजलातून कवक नाहीसे होण्याचा वेग मंदावला आणि अपंगत्व व दुष्परिणाम वाढले. परिणामी चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. दोन्ही रोगकारक कवकेच, औषधाचा वर्गही एकच; तरी फळ परस्परविरुद्ध. प्रतिकार कमी पडत आहे की अतिरेकी होत आहे, याचा निर्णय निदानाशिवाय घेता येत नाही, हाच या उदाहरणाचा धडा होय.

आपल्याकडे हा धडा अगदी घरगुती पातळीवर लागू पडतो. गजकर्ण अथवा नायटा झाला की औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून लावण्याची सवय सर्वत्र दिसते. मलमाने लाली व खाज दोन-तीन दिवसांत कमी होते, कारण दाह दबतो. कवक मात्र जिवंत राहते, त्वचेवर पसरते आणि डागाचे मूळ रूप पालटल्याने निदान करणेही अवघड होते. भारतात गेल्या काही वर्षांत चिवट व औषधांना दाद न देणारा नायटा वाढल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी वारंवार नोंदविले असून, अशा मलमांचा गैरवापर हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. २०१८ साली केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री रोखणारी अधिसूचना काढली. तथापि कायद्याइतकीच समजाचीही गरज आहे. खाज थांबली म्हणजे रोग बरा झाला, हा समज दूर करण्यासाठी दाह म्हणजे काय हे सोप्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

अभ्यासाच्या मर्यादा

वर उल्लेखिलेले पुष्कळ पुरावे उंदीर, मासे व प्रयोगशाळेतील पेशी यांच्यावरील आहेत. प्रत्येक कवकाचे वर्तन वेगळे असते आणि एकाच कवकाचे वर्तनही त्वचा, आतडे व फुप्फुस यांत बदलते. यजमान आणि कवक दोघेही प्रोस्टाग्लँडिन ई२ तयार करीत असल्याने रुग्णाच्या शरीरात सापडलेला रेणू नेमका कोणाचा, हे ठरविणे कठीण जाते. या मर्यादा लक्षात घेऊनच पुढील निष्कर्ष वाचावेत.

निष्कर्ष

१) पेशीपटलातील मेद हा प्रतिकारव्यवस्थेचा सक्रिय घटक आहे; त्यापासून घडणारे रेणू कवकाविरुद्धच्या पहिल्या हालचालींत सहभागी असतात.
२) ल्युकोट्राइन बी४ प्रामुख्याने प्रतिकाराला गती देतो. प्रोस्टाग्लँडिन ई२ महाभक्षी पेशींना आवरतो, परंतु टीएच१७ प्रतिसादाला साहाय्यही करतो. या दोहोंच्या समतोलावर संसर्गाची वाटचाल मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.
३) काही रोगकारक कवके स्वतः प्रोस्टाग्लँडिन तयार करून हा समतोल आपल्या बाजूने झुकवितात.
४) दाहशामक औषध हितकर की अहितकर हे कवक, अवयव व रोगाची अवस्था यांवरून ठरते. निदानापूर्वी स्टेरॉइडचा वापर, मग तो मलमाच्या रूपात का असेना, टाळणे इष्ट होय.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात मेदाम्ले जीवरसायनशास्त्रात, कवके वनस्पतिशास्त्रात वा सूक्ष्मजीवशास्त्रात आणि दाह शरीरक्रियाशास्त्रात शिकविला जातो. प्रत्यक्ष शरीरात या तिन्ही गोष्टी एकाच पेशीच्या पटलावर एकत्र येतात. या विषयांच्या अध्यापकांनी एखादा तास एकत्रितपणे घेऊन नायट्यावरील मलमाचे उदाहरण विद्यार्थ्यांसमोर मांडल्यास विषयांमधील हे नाते त्यांच्या ध्यानी येईल आणि त्याचा उपयोग त्यांच्या घरांपर्यंतही पोहोचेल.